नारिंगी दिवा आणि कोंडीची जागा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पण माझ्या उजेडात कोणी कधी एक अक्षरही वाचलेले नाही. रज्जाकभाईंच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये, स्टिअरिंगच्या मागे, वेगाच्या काट्याशेजारी मी राहतो. आकाराने नखाएवढा, रंगाने नारिंगी. माझ्यावर इंजिनाचे चित्र आहे. लहान मुलांना ते पाण्याच्या नळासारखे दिसते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ऑइलचा तांबडा दिवा आणि बॅटरीचा दिवा हे माझे जन्माचे सोबती. किल्ली फिरली की आम्ही सगळे क्षणभर पेटतो, वर्गात हजेरी द्यावी तसे. इंजिन सुरू झाले की विझतो. इंजिनाच्या तारांमधून बातम्या एका छोट्या संगणकाकडे जात असतात. त्यातली एखादी बातमी चुकीची वाटली की तो मला पेटवतो. काय बिघडले, कोणामुळे बिघडले, हे मला सांगता येत नाही. ‘काहीतरी बिघडले आहे, बघा’ एवढे एकच वाक्य मला येते.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पहिल्याच वर्षी मी पेटलो आणि रज्जाकभाईंनी गाडी तडक चौक गावच्या गॅरेजमध्ये नेली. फराज मिस्त्रीला एक प्लग सैल सापडला. त्यानंतर कितीतरी दिवस रज्जाकभाई प्रवाशांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, “दिवा नाय हा, माजा धाकटा भाव हाय!”

रज्जाकभाई कळंबचे. दर शनिवारी ते गावच्या विक्रेत्यांना शिळफाट्याच्या बाजारात नेतात. कळंबच्या वर ठाकूरवाडी आहे. तिथली कोंडी जंगलातले कंद, करांदे, पाटीत भरून आणते. तिचे गुडघे दुखतात, म्हणून रज्जाकभाई तिला नेहमी पुढची डावी सीट देत. सुपे-टोपल्या विकणारा गजा मागे बसे.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी मी पेटलो. मंगळवारी विझलो. बुधवारी फराजने आपले यंत्र जोडून पाहिले. “चाचा, एका सेन्सरची बातमी मधेच तुटते, एवढंच दिसतंय,” तो म्हणाला. त्याने सीट उचलली, कारण या गाडीचे इंजिन पुढच्या सीटांखालीच आहे. सेन्सरची तार शाबूत दिसली. त्याने सेन्सर बदलला. शनिवारी मी पुन्हा पेटलो.

“कोंडे, तू बसलीस का दिवा लागतो बघ,” मागून गजा म्हणाला. “पायगुण हाय तुजा!”

सगळे हसले. तोंडाला पदर लावून कोंडीही हसली. पण चौथ्या शनिवारी गजाने बोटे मोडून चार मोजले, तेव्हा कोणी हसले नाही. रज्जाकभाईंनी काळी चिकटपट्टी घेतली आणि माझ्यावर लावली. मित्रांनो, त्या पट्टीमागे मी पेटतच होतो.

पाचव्या शनिवारी पळसदरीजवळच्या चढावर इंजिनाने आचके दिले आणि गाडी बंद पडली. बाजार निम्मा उठल्यावर मंडळी पोचली. उतरताना कोंडी खाली बघत म्हणाली, “रज्जाकभाय, पुडच्या शनवारी मी नाय येत. माज्यापायी सगल्यांचा बाजार कशाला बुडवू?”

पुढच्या शनिवारी वाडीच्या वळणावर ती नव्हती. रज्जाकभाईंनी दोनदा हॉर्न वाजवला, थोडा वेळ वाट पाहिली आणि गाडी काढली. त्या दिवशी मी पेटलो नाही. गजाने पुढे वाकून पट्टीची कड उचलून पाहिली. “बगा! मी काय बोललो व्हतो?”

न पेटल्याचे दुःख मला तेव्हा पहिल्यांदा झाले. माझ्या अंधाराची त्या बाईविरुद्ध साक्ष काढली जात होती, आणि मला तर एकच वाक्य येत होते.

रज्जाकभाईंची मुलगी सिद्रा कर्जतला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सोमवारी तिला सोडताना त्यांनी सगळे सांगितले.

“गजाभाऊंचं निरीक्षण बरोबर आहे, अब्बा,” ती म्हणाली.

“म्हंजे तू पन त्याच्याच बाजूची?”

“निरीक्षण बरोबर आहे, काढलेलं कारण चुकलंय. मी याच सीटवर रोज बसते. माझ्यामुळे का नाही पेटत? आणि फराजकडे तुम्ही गाडी रिकामी नेता. रोग घरी ठेवून डॉक्टरकडे जाता.”

रविवारी सिद्रा वाडीवर गेली आणि कोंडीला पाटीसकट घेऊन आली. कोंडी मागे बसली. चौकला पोचेपर्यंत तिने पाटीची कड धरून ठेवली होती. शेवटी म्हणाली, “आन् मी बसले नि दिवा लागला तं?”

“लागायलाच हवा, मावशी. त्यासाठीच तर आलोय.”

गॅरेजमध्ये सिद्राने माझ्यावरची पट्टी काढली. फराजने यंत्रातून बिघाडाची जुनी नोंद पुसली आणि इंजिन सुरू केले. सिद्राने कोंडीला आधी बसवले नाही. शेजारच्या दुकानातून तांदळाची दोन पोती आणवून डाव्या सीटच्या मधोमध ठेवली. मी विझलेलाच राहिलो.

“वजनाचं काय नाय हे,” फराज म्हणाला. कोंडीचा चेहरा उतरला. ती जरा वेळ पोत्यांकडे बघत राहिली.

“ही सायबावानी बसल्यात,” ती म्हणाली. “मी कुटं अशी बसते?”

“मग कशी बसतेस?” सिद्राने विचारले.

पोती उतरवली. कोंडी चढली आणि सीटच्या अगदी पुढच्या कडेला, चार बोटे जागेवर टेकली. पाटी मांडीवर घेतली. “पाटीतली माती सांडती. म्हागं बसले तं तुमचं कवर खराब व्हयाचं.”

ती थोडी हलली आणि मी लख्ख पेटलो.

कोंडीने डोळे मिटून घेतले. सिद्राने मात्र तिला हात देऊन खाली उतरवले, फराजकडून नोंद पुन्हा पुसून घेतली आणि पोती त्याच कडेवर ठेवायला सांगितली. फराजने ती जराशी हलवली. मी पुन्हा पेटलो.

रज्जाकभाई पोत्यांकडे बघून म्हणाले, “आता या तांदळाचा पन पायगुण हाय काय रं?”

कोंडी इतकी हसली की तिला पायरीवर बसावे लागले.

फराजने सीट उचलली आणि या वेळी आरसा धरून खालची बाजू पाहिली. तीच तार क्लिपमधून सुटून सीटच्या पुढच्या लोखंडी पट्टीखाली गेली होती. कडेवर भार आला की ती लोखंडावर दाबली जाई. खालच्या अंगाने तिचे आवरण घासून तांबे उघडे पडले होते. सीट उचलली की ती मोकळी होई आणि वरून धडधाकट दिसे. फराजने तार बदलली, तिच्यावर जाड नळी चढवली, नवी क्लिप बसवली.

पुढच्या शनिवारी वाडीच्या वळणावर कोंडी उभी होती. सवयीने ती कडेलाच टेकली.

“कोंडीबाय, म्हागं सरक,” रज्जाकभाई म्हणाले. “सीट बसायलाच हाय. कवर धुता येतं.”

गजाने आपले पोते पायांशी पसरले आणि हात पुढे केला. “पाटी इकडं दे गं.”

कोंडी हळूहळू मागे सरकली. कर्जत गेल्यावर तिने पाठ टेकली, पळसदरीच्या चढावर तिला डुलकी लागली. मी विझलेला होतो, आणि खूप दिवसांनी मला माझा अंधार आवडला.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीत माझा एखादा भाऊ असेल. तो कधी पेटेल, कधी विझेल. विझला म्हणून बरा झाला असे समजू नका, आणि पेटला म्हणून पट्टी लावू नका. कधी पेटला, रस्ता कसा होता, गाडीत कोण कुठे आणि कसे बसले होते, ते लिहून ठेवा आणि मिस्त्रीला दाखवा. आम्हाला एकच वाक्य येते. पुढचे तुम्हालाच शोधावे लागते. फक्त कोणाकडे बोट दाखवण्याआधी एकदा सीट उचलून, खालून बघा.