लाल सिलिंडर कुठे टांगायचा

पोंभुर्ण्याला प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा आमच्या ह्यांनी, म्हणजे देवाजींनी, नकाशात हट्टाने गॅरेज काढून घेतलं. गाडी कोणती, तर एक मोटारसायकल, आणि ती आजही पेरूच्या झाडाखाली उभी असते. गॅरेज मात्र पक्कं झालं. रस्त्याकडे शटर, आणि आतल्या बाजूला माझ्या स्वयंपाकघरात उघडणारं एक दार. हे वनरक्षक होते, इकडच्या भाषेत नाकेदार. निवृत्त झाले तशा त्या गॅरेजात रंधा, पटाशा, ग्राइंडर आणि सागवानाच्या फळ्या येऊन बसल्या. फळ्या डेपोच्या लिलावातल्या, पावतीसकट. नाकेदाराच्या घरी चोरीचं लाकूड निघालं तर कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायला लोक टपलेलेच असतात.

तिथे ते पाट करतात, स्टूल करतात, पुस्तकांचे रॅक करतात. वस्तीतल्या निम्म्या घरांत बुद्धमूर्ती ह्यांनीच केलेल्या फळीवर बसली आहे. खाकी कपड्यात हा माणूस कधी गुणगुणला नव्हता. गॅरेजात गुणगुणतो, आणि तेही बेसूर. मी सहन करते, कारण तो बेसूर आवाज ऐकला की मला बरं वाटतं.

या एप्रिलमध्ये तिथे आग लागली. भर दुपारी झळा सुटल्या होत्या म्हणून शटर खाली ओढलेलं. ह्यांनी एका रॅकला चपड्याचं पॉलिश केलं, स्पिरिटने भिजलेल्या चिंध्या तिथेच भुशात टाकल्या आणि पटाशीला धार लावायला ग्राइंडर सुरू केला. ठिणगी चिंधीवर पडली. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहते तर खोलीच्या मधोमध भुसा पेटलेला, आणि हे पोतं घेऊन त्याला झोडपतायत. जंगलातला वणवा असाच विझवतात, हिरव्या डहाळीने झोडपून. पण जंगलात झोडपलं की आग दबते. इथे प्रत्येक फटक्याला पेटता भुसा उडून नव्या जागी पडत होता.

मी जन्मभर आरोग्यसेविका म्हणून खेड्यापाड्यांत हिंडले, मला सहजासहजी घाबरायची सवय नाही. मी घाबरले ते दुसऱ्याच गोष्टीने. ह्यांना दाराकडे यायला चांगली वाट होती. ते दाराकडे आले नाहीत. आगीला वळसा घालून मागच्या भिंतीपाशी गेले, जिथला भुसा जळून गेला होता. आता आग त्यांच्या आणि दाराच्या मध्ये आली. तिथे उभे राहून त्यांनी मला हाक मारली, "कांता, काळ्यात ये."

काळं म्हणजे जळून गेलेली जमीन. वणवा पुढे पळतो, जे जळलं त्याच्यावर परत येत नाही. म्हणून आग अंगावर आली की तिच्यापुढे धावायचं नाही, एखाद्या बारक्या जागेतून तिला ओलांडून काळ्यात जाऊन उभं राहायचं. जंगलातल्या माणसाला हे कुणी दोनदा सांगत नाही. दर उन्हाळ्यात आग राखायला, म्हणजे वणव्यावर नजर ठेवायला, जे हंगामी मजूर लागायचे, त्यांना ह्यांनीच ते शिकवलं होतं.

टबात भिजत घातलेली चादर माझ्या हातात होती. ती माझ्याच पायात घोटाळली, मी अडखळले, आणि मग ती आगीवर फेकली. तिच्यावर दुसरी, वरून बादली. आग बसली. ह्यांचा उजवा हात तेवढा भाजला. मी हात थंड पाण्याखाली धरला, मलम लावून पट्टी बांधली, आणि संध्याकाळी गॅरेजच्या दोन्ही दारांना कुलपं लावून किल्ल्या कमरेला खोचल्या.

हाकेबद्दल मी बोलले नाही. ह्यांना ती आठवतही नव्हती. "झाली ना विझून," एवढंच म्हणत होते. पण मला डोळे मिटले की मागच्या भिंतीला टेकलेला माझा नवरा दिसायचा. आग विझवायचा सिलिंडर आणला, भुसा झाडला, चिंध्या बाहेर टाकल्या, तरी पुढच्या वेळी हा माणूस पुन्हा आगीच्या पलीकडेच जाणार असेल, तर ते गॅरेज मला नको होतं. आणि ते बंद ठेवलं तर तो गुणगुणणारा माणूसही गेला. मी दोन्हीकडून अडकले होते.

ह्यांचे हाल तर बघवत नव्हते. चहा घ्यायचे तोही कुलपाकडे तोंड करून. शेवटी नागपूरहून आमच्या रोशनीने फोनवर बापाला सांगितलं की आधी आग विझवायचा सिलिंडर आणा, मग आईकडे किल्ली मागा. बापाने ते ऐकलं. मी तेच सांगत होते तेव्हा मात्र कान बंद होते. मुलीच्या तोंडून आलेलं शहाणपण आमच्या घरी नेहमीच जास्त वजनदार असतं.

आम्ही एसटीने चंद्रपूरला गेलो. मुजफ्फरभाईंचं दुकान खाणीतल्या लोकांना बूट, हेल्मेट, हातमोजे पुरवणारं. एका भिंतीला लाल सिलिंडर उंचीप्रमाणे मांडलेले, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. दुकानात शिरताच ह्यांनी आपण आयुष्यभर आगीच विझवल्या असल्याचं जाहीर केलं. मुजफ्फरभाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, खोलीत काय काय आहे.

लाकूड, भुसा, स्पिरिट आणि विजेचा बोर्ड, मी सांगितलं. मग त्यांनी एकेक समजावलं. पाण्याचा सिलिंडर लाकडाला चांगला, पण विजेच्या बोर्डावर मारायचा नाही. गॅसवाला विजेला चांगला, पण भुसा फुंकरीने उडेल, आणि विझला असं वाटलं तरी आतून धुमसत राहील. तुमच्या खोलीला पावडरचाच लागेल, त्याच्यावर एबीसी लिहिलेलं असतं, तो तिन्हींना चालतो. वरच्या डायलची सुई हिरव्या पट्ट्यात आहे का ते अधूनमधून बघायचं, आणि खरेदीच्या आधी आयएसआयची खूण. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडी दाबायची.

ह्यांनी सरळ सगळ्यात मोठ्याला हात घातला आणि पट्टीच्या हाताने तो उचलूनही दाखवला. चेहरा लाल झाला, पण खाली ठेवायला तयार नाहीत. मी म्हटलं, द्या इकडे. मला दोन्ही हातांनी तो गुडघ्यापर्यंत आला, पुढे येईना. मग दांडी दाबायची कशाने, दातांनी?

"तू कायले उचलशील? मी आहो ना," हे म्हणाले.

"तुमी आत हात भाजून बसल्यावर कोन उचलीन?"

मुजफ्फरभाई तेवढ्यात बुटांच्या जोड्या नीट लावायला लागले. अनुभवी दुकानदार. शेवटी मला एका हाताने पेलेल असा मधला निवडला. ह्यांना तो खेळण्यातला वाटला. लहान आहे म्हणजे लवकर संपेल, हे त्यांचं म्हणणं मुजफ्फरभाईंनाही मान्य होतं. मोठाही काही फार वेळ चालत नाही, ते म्हणाले. तेवढ्यात आग बसली नाही तर सिलिंडर टाकून बाहेर निघायचं आणि अग्निशमनला फोन करायचा. शिवाय बंद खोलीत पावडर उडाली की पांढरं धुकं होतं, दार दिसत नाही. म्हणून दाराजवळच टांगा आणि दार पाठीशी ठेवा.

ह्यांनी मान डोलावली. ही मान मी चांगली ओळखते. रेंजर साहेबांपुढे पण अशीच डोलवायचे आणि मग जंगलात जाऊन आपल्या मनाचं करायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली दिली. सिलिंडर आला की देईन असा शब्द दिला होता, आता नाही कशी म्हणणार. ह्यांनी शटर वर केलं, भुसा झाडला, चिंध्यांसाठी झाकणाचा डबा बाहेर ठेवला. सगळं शहाण्यासारखं. मग ड्रिल मशीनची वायर लावली आणि मागच्या भिंतीवर, पॉलिशच्या फडताळाच्या वर, पेन्सिलने खूण केली.

मी दारात उभी होते. म्हटलं, तिथे नाही. ते म्हणाले, आग इथे लागणार तर सिलिंडर इथेच हवा. आगीच्या मागं गेल्याशिवाय आग हाती येत नाही, तुला काय माहीत. रागावून नाही म्हणाले. समजूत घालत होते. मलाच राग आला.

"जंगलाले मागं जंगल असते," मी म्हटलं. "या खोलीले मागं भिंत आहे. त्या दिवशी तुमी तिथीच उभे होते, भिंतीले पाठ लावून. अन् मले बलावून राह्यले होते. काळ्यात ये म्हनून."

त्यांनी ड्रिल खाली ठेवलं. "मी बलावलं?"

"हाव."

ते स्टुलावर बसले. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, त्याला मी हातानेच नको म्हटलं.

मग त्यांनी भैयाजीचं नाव काढलं. भैयाजी त्यांच्याबरोबर आग राखायला होता. ती गोष्ट मला पाठ होती, साऱ्या वनखात्याला पाठ होती: टेकडीवर आग चढत आली, हे ती ओलांडून काळ्यात गेले आणि वाचले, भैयाजी आगीपुढे वर धावला आणि गेला. प्रत्येक उन्हाळ्यात नव्या मजुरांना ते ही गोष्ट सांगायचे, अगदी पाढा म्हटल्यासारखी. पण आज ते पुढचं बोलले, जे इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी सांगितलं नव्हतं.

"मी त्याले बलावलं होतं, कांता. त्यानं आयकलं. मांगं वळून माह्याकडं पायलं. पन आला नाई."

मला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की काल दुकानात टोचून बोलले त्याचीही लाज वाटली. भैयाजी गेला त्या तारखेला हा माणूस दर वर्षी त्याच्या गावी जाऊन त्याच्या बायकोला धान्य देऊन येतो. मी त्याला चांगुलपणा समजत होते. तो चांगुलपणा होताच. पण त्या हाकेला उत्तर मिळालं नव्हतं, आणि ती हाक अजून ह्यांच्या गळ्यात होती. त्या दुपारी ती माझ्या नावाने बाहेर पडली.

डोळे पुसून ते सावरले आणि पुन्हा नाकेदार झाले. माझ्याकडे बोट करून बजावलं, "पुढं कधी असं झालं अन् मी बलावलं, तर येजो नको. आयकलं का? तू बाहेरच्या बाहेर निंगून जाजो."

"येईन," मी म्हटलं.

"येडी आहेस का?"

"त्या दिवशी पन निंगाली होती मी. पाय उंबऱ्याच्या आत पडला होता. ते चादर पायात आली नसती तं मी तुमच्याजवळ असती, आगीच्या तिकडं." मी हात पदरात गुंडाळले. "तुमी बलावलं तं मी येईन. मले थांबता येनार नाई. म्हनून हाक कुठून मारता, ते तुमीच पाहा."

ते उठले. ड्रिल मशीन उचललं, वायर गुंडाळत गुंडाळत फळ्यांमधून वाट काढत आले, उंबरा ओलांडला आणि स्वयंपाकघरात माझ्या बाजूला उभे राहिले. दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर त्यांनी पेन्सिल टेकवली.

"हात वर कर," ते म्हणाले. "तुया हात कुठवर पोचते ते पाहू दे."