काशिनाथची रेशमी तार

काशिनाथशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो आणि ते सहा वर्षं टिकलं. मी शाळामास्तर. पोरांच्या थापा मी उंबऱ्यातच पकडतो, पण स्वतःची थाप मात्र चांगली जपून ठेवली होती.

सत्तेचाळीस साली मुंबईचा एक गोरा वादक मायदेशी जाताना आपला डबल बास, म्हणजे उभं धरून वाजवायचं खोल आवाजाचं फिडल, आमच्या भुईगावच्या बॅन्डला देऊन गेला. बॅन्ड म्हणजे आम्ही तिघं. फिडलवर मी, क्लॅरिनेटवर प्लासिड आणि बॅन्जोवर आग्नेल. लग्नाच्या मांडवात वाजवायचं आणि पोटभर जेवून घरी यायचं, एवढाच आमचा व्यवहार. बास बैलगाडीतून गोधड्यांत गुंडाळून आला, तेव्हा गल्लीतल्या दोन बायकांनी गाडी थांबवून कोण गेलं म्हणून विचारलं होतं. वाद्य माणसाहून उंच. आम्हा तिघांपैकी एकालाही ते वाजवता येईना.

काशिनाथ माझा शेजारी. आमच्या दोन वाड्यांमध्ये फक्त एक कुंपण, आणि त्या कुंपणाला लहानपणी आम्हीच पाडलेलं भगदाड. त्यांची केळी आणि पानवेली, आमची केळी आणि भाजी. जन्मापासून रहाटाचा आवाज ऐकत वाढलेला माणूस तो. घरात बसून सांगायचा की रहाटाचं कितवं गाडगं फुटलंय. मी त्याला बासजवळ उभं केलं, फिडलवर एक सूर लावून दिला, आणि त्याने चाचपत चाचपत तो खाली शोधून काढला. आमच्या बॅन्डला पाया मिळाला तो त्या दिवशी.

पण वाजवण्याआधी त्याने एक गोष्ट विचारली होती. "ह्या तारा कशाच्या रे?"

विचारण्याला कारण होतं. त्याच्या चार वर्षं आधी त्याची आई, सावित्रीकाकी, विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरने आशा सोडल्यावर काशिनाथ निर्मळच्या देवळात जाऊन बोलून आला की आई उठली तर मटण-मासळीला जन्मात हात लावणार नाही. काकी उठली. समुद्रकाठच्या माणसाने मासळी सोडायची म्हणजे काय ते आमच्याकडच्यांनाच कळेल. त्यातून काशिनाथ शब्दाचा पक्का. देवाला "हात लावणार नाही" म्हटलं ना, मग हात लावायचाच नाही. कोळणीच्या डोक्यावर पाटी चढवायची असली तरी तो दुसऱ्या कोणाला हाक मारायचा. काकी स्वतः मासळी खायची, पण तिचं ताट तो उचलत नसे.

त्या तारा होत्या बकऱ्याच्या आतड्याच्या. आमच्याकडे ज्याला वजडी म्हणून चवीने खातात, त्याच मालाच्या पीळ देऊन केलेल्या.

"रेशमाच्या," मी म्हणालो. "विलायती रेशीम."

प्लासिडला खोकल्याची उबळ आली. तो अजून सांगतो की ती खरी होती.

तेव्हापासून मी बॅन्डमध्ये सगळ्यांना ताकीद दिली, की ह्या वस्तूला तार म्हणायचं, तात म्हणायचं नाही. तात म्हटलं की कोणालाही आतडं आठवतं. एका अक्षराचा तर फरक. सहा वर्षं सगळ्यांनी पाळला.

आणि काशिनाथने त्या रेशमाची काय बडदास्त ठेवली! पावसाळ्यात हवा ओली झाली की तारा उतरतात, म्हणून तो बास आमच्या चुलीच्या खोलीला लागून ठेवायचा. मांडवातल्या वाळूत बासचं टोक रुतायचं, तर त्याने नारळाची जाड करवंटी घासून तिच्यात ते बसवलं. तारांखालची घोडी तुटली तेव्हा फणसाच्या लाकडाची नवी तासली, आणि ती जुनीपेक्षा चांगली वाजली. बाग शिंपून झाली की रोज तासभर माझ्या ओटीवर यायचा. बोटांना फोड आले की खोबरेल लावायचा आणि म्हणायचा, रेशीम असूनही कापतं बघ. अशा वेळी मी खाली मान घालून फिडल पुसत बसायचो. लाज वाटायची, पण तो निघून गेला तर, ह्या भीतीपुढे ती लाज तोकडी पडायची.

त्रेपन्नच्या जानेवारीत, प्लासिडच्या मुलीच्या म्हणजे ॲनीच्या लग्नाला दहा दिवस असताना, मधली एक तार तुटली.

प्लासिड मुंबईला जाऊन आला. दुकानदार म्हणाला, माल परदेशातून यायचा आहे, महिना तरी लागेल. लोखंडी तारा होत्या, त्यातल्या तो घेऊन आला. काशिनाथने एकीचा तुकडा ताणून टिचकी मारली आणि म्हणाला की ही शाळेची घंटा आहे, बास नव्हे. मग तो सायकल मारत कळंबला गेला आणि जाळ्याची जाड दोरी घेऊन आला. देणाऱ्या रामू कोळ्याने त्याला आधीच सांगितलं होतं, "पान्यात टिकल ही, पन गानार नाय." खरंच गायली नाही. गादी झोडपल्यासारखा आवाज आला.

त्यावर आग्नेलने गादीवरून एखादी कोटी केली असेल, मला आठवत नाही. पण दुसऱ्याच दिवशी प्लासिडच्या अंगणात लग्नाच्या गाद्या भरायला पिंजारी बसला, मीही तिथेच होतो, आणि आवाज ऐकून काशिनाथ धावत आला. पिंजाऱ्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीवर लाकडी ठोकळा पडत होता आणि तिच्यातून खोल, गोल आवाज निघत होता.

"आपलाच सूर आहे हा," काशिनाथ मला म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. मला तेव्हाच त्याला घरी न्यायला हवं होतं.

त्याने तुटलेला तुकडा खिशातून काढून पिंजाऱ्यापुढे धरला आणि असलं रेशीम तुझ्याकडे आहे का म्हणून विचारलं. म्हाताऱ्याने तो बोटांत फिरवला, नाकाला लावला आणि हसला.

"रेशीम कैसा, भाई? तात आहे ही. बकऱ्याची आतडी. माझ्या धनुकलीची पण हीच."

आपल्या पिशवीतून एक जादा तात काढून त्याने पुढे केली. काशिनाथने ती घेतली नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो विहिरीवर गेला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला. मी पिंजाऱ्याच्या हातातून ती तात घेतली, कारण कोणीतरी घ्यायला हवी होती.

त्याच दिवशी काकीला पडसं झालं. नुसतं पडसं, जानेवारीत गावभर असतं तसं. पण काशिनाथ दोन दिवस तिच्या उशाशी बसून होता. बागेत गेला नाही, भगदाडातून इकडे आला नाही. मी ती तात माझ्या हाताने बासवर चढवली, आणि चढवताना मला कळत होतं की माझी सगळी अक्कल सुरांची आहे, माणसांची नाही. बॅन्ड गेला तरी चालेल, पण हा माणूस आईचं तोंड बघत भीतीने वाळेल, आणि ते माझ्या पायी.

तिसऱ्या सकाळी तो रहाटाकडे गेलेला पाहून मी काकीकडे गेलो. ती ओसरीवर देवाच्या वाती वळत होती. मी सगळं सांगितलं, रेशमापासून. तिने मधे एकदा नाक पुसलं. सांगून झाल्यावर विचारलं, चर्चमध्ये फादरपुढे कबुली देऊन झाली का? मी म्हटलं, नाही, आधी तुम्हाला. मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली, मुठीत कापूस घेतला, काशिनाथला हाक मारली आणि त्या भगदाडातून वाकून माझ्या ओटीवर आली. सत्तरीची बाई. मी हात द्यायला गेलो तर माझा हात झिडकारला.

काशिनाथ पायरीशी येऊन उभा राहिला. वर चढेना.

काकीने मूठ उघडली. "हा कापूस कोणी पिंजला?"

"पिंजाऱ्याने."

"कशावर?"

त्याची नजर बासवरच्या तातीकडे गेली.

"तीस वर्षं त्याच्या हातचा कापूस देवापुढे जळतोय. देवाने कधी विचारलं नाही." तिने कापूस पदराला बांधला. "आणि मासळी तू सोडलीस ती कोणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मग बघ, मला काय होतं ते."

काकी बासपाशी गेली. ते वाद्य तिच्याहून दीड हात उंच होतं. तिने त्या नव्या तातीवर आधी नुसता तळवा ठेवला, काशिनाथला नीट दिसेल असा. मग वाती वळणाऱ्या दोन बोटांनी ती ओढून सोडली. भसाडा, लोंबता आवाज माझ्या ओटीभर पसरला. काकी तशीच उभी राहिली, आवाज विरेपर्यंत. मग पदराने नाक पुसलं.

काशिनाथ आईकडे पाहत होता. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. ती आठी मी सहा वर्षं ओळखत होतो.

"उतरलेली आहे," तो म्हणाला. "कोणी चढवली ही?"

मी म्हणालो, मी.

"तरीच." तो पायरी चढून वर आला, आईला हळूच बाजूला सरकवलं, एका हाताने खुंटी पिळली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तातीवर ठेवला.