कुंपणातला हिरवा तुकडा

माझे सासरे जन्मभर बस चालवत होते. त्यामुळे घरात कोणी उदास बसलं, की त्यांना वाटतं गाडी बंद पडली आहे आणि खाली उतरून आपण काहीतरी खटपट करायलाच हवी. स्वस्थ बसणं त्यांना जमत नाही आणि दुसऱ्याला बसू देणं तर त्याहून नाही.

आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि बाबा, संशोधन केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहतो. मागच्या दारातून माळ चढत जातो, तिथे माझं काम. माळावर जागोजागी कुंपण घातलेले छोटे तुकडे आहेत. त्यांत लोखंडी चौकट ठेवायची आणि आतलं गवत मोजायचं: किती हिरवं, किती वाळलेलं, किती गेलेलं. नवरा चारचौघांत माझी ओळख ‘गवत मोजणारी’ अशी करून देतो आणि वर स्वतःच हसतो. हसू दे बापडा. हेच गवत माती धरून ठेवतं, पावसाचं पाणी जिरवून खालच्या विहिरींना पुरवतं. त्याच्या आधाराने येणाऱ्या रानफुलांवर मधमाश्या जगतात आणि त्या मधमाश्यांच्या जिवावर खालच्या फळबागा. सगळं गुपचूप चालतं, म्हणून कोणी दखल घेत नाही.

यंदा पावसाने सलग तिसऱ्या वर्षी दगा दिला. माळ चराईला बंद करून फाटकाला कुलूप घालावं लागलं. घरात पाणी टँकरचं, माणशी एक बादली. आणि माझ्या तुकड्यांमधलं गवत एकेक करून राखाडी पडत गेलं. मी घरी यायची ती तोंड पाडूनच, आणि भाजी चिरता चिरता रडायची. कांद्यावर ढकलायची सोय होती म्हणून निभावलं, असं मला तरी वाटत होतं.

मग एका सकाळी क्वार्टरच्या सर्वांत जवळच्या तुकड्यात मला हिरवे कोंब दिसले. बाकीचे तुकडे होते तसेच वाळलेले. पण हा उताराच्या सावलीत आहे, इथे ओल टिकली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. खरं सांगायचं तर मला आनंद हवा होता आणि तो मिळाल्यावर मी फार चौकशी केली नाही. वाटेत भेटलेल्या मेंढीवाल्या मावशींना मी ते सांगितलं आणि घरी येऊन बाबांना गदागदा हलवून सांगितलं. तेही भलतेच खूश झाले.

तेवढ्यात नवरा म्हणाला, “बाबा, रागावू नका, पण हल्ली तुमच्याजवळ बसवत नाही.”

“वय झालं, वास येणारच,” बाबा म्हणाले आणि फिरायला निघून गेले.

मेंढपाळांची बैठक ठरली होती. जनावरांचे हाल मला बघवत नव्हते. पावसाशिवाय कोंब फुटतात म्हणजे मुळांत जोर आहे, थोडे दिवस चराई सोसेल, असा हिशेब मी मांडला. आदल्या संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं, “उद्या मी फाटक उघडायला सांगणार.”

बाबांचा घास हातातच राहिला.

“उघडू नकोस,” ते म्हणाले. “ते कोंब माझे आहेत.”

“म्हणजे?”

“माझी आंघोळीची बादली मी रोज तिथे ओततो. ओल्या टॉवेलने अंग पुसलं की माझं भागतं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “अहो बाबा, पाण्याशिवाय गवताचं काय होतं तेच तर मी बघतेय! तीन वर्षांच्या कामावर पाणी फिरवलंत!”

“मरत होतं ते.”

“मरत नव्हतं! वरून वाळतं, खाली मुळं दम धरून असतात. मला माहीत आहे ते.”

“मग रडत का होतीस?” बाबांनी विचारलं.

ताट उचलून मी आत गेले. उद्या फाटक उघडलं असतं, तर मेंढ्यांनी दम धरलेली मुळंसुद्धा उपटून खाल्ली असती आणि पहिल्याच पावसात माळाची माती वाहून गेली असती. माझ्या शब्दावर.

बैठकीत मी फाटक बंदच राहील म्हणून सांगितलं. मेंढीवाल्या मावशी ताडकन उठल्या. “परवा तर हिरवं झालं म्हणून नाचत होतीस! आमची जनावरं काय हवा खाणार?”

मोजण्यात चूक झाली, असं मी सांगणार होते. पण मागच्या बाकावरून बाबा उभे राहिले. “हिची चूक नाही. मी चोरून पाणी घातलं. पोरगी रोज रडायची, मला बघवेना.”

हॉलमध्ये हशा पिकला. मावशी मात्र हसल्या नाहीत. “पाणी घातल्यावर उगवलं?” त्यांनी मला विचारलं.

“हो. मुळं जिवंत आहेत, म्हणूनच हात लावायचा नाही. पाऊस आला की माळ उठेल. आत्ता चरवला तर पुन्हा उठायचा नाही.”

“मग निम्म्या मेंढ्या भावाकडे धाडते,” मावशी म्हणाल्या. सगळं माहीत असूनही मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

परतताना बाबा माझ्या दोन पावलं मागे चालत होते. मी थांबले.

“माहीत असलं तरी रडू येतं, बाबा.”

“आता कळलं.”

“पुन्हा पाणी घालायचं नाही.”

“नाही घालणार,” ते म्हणाले. “तू रडायला लागलीस की नुसता शेजारी बसेन.”