प्लास्टिकखालची माती

माती तपासणाऱ्या बाईने पोकळ सळई वाफ्यात हातभर खुपसली, तिला नळी जोडली आणि यंत्राकडे बघत राहिली. आकडा चढतच गेला.

“टेकडीपलीकडे कारखान्याचा गॅस जमिनीखाली साठवलाय ना, तोच झिरपतोय. कार्बन डायऑक्साइड. मुळांना हवाच मिळत नाही, माती आंबट होते. म्हणून वेल करपला.”

“म्हणजे कुणी काही ओतलं नाही?” थोरलीने विचारलं.

“नाही हो.”

थोरली पायरीवर बसली. वेल पिवळा पडायला लागला तेव्हा तिने भिंतीपलीकडच्या धाकट्या जावेला अंगणात उभं राहून सुनावलं होतं, साबणाचं पाणी मुद्दाम सोडतेस, जळकी मेली! त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून अबोला. शिवाय रोपांपुरती भोकं ठेवून तिने अख्ख्या वाफ्यावर जाड प्लास्टिक अंथरलं, कडा विटांनी दाबल्या, आणि ‘आता ओत म्हणावं!’ असं दिराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. शहाणपणाची कमालच.

“हे प्लास्टिक काढा आधी,” बाई म्हणाली. “गॅसला वर जायला पुरेशी वाट नाही, म्हणून तो आडवा सरकतो. भिंतीपलीकडे काय आहे?”

“जावेची शिवणाची खोली. चार पायऱ्या खाली.”

बाईने मान वर केली. “हा गॅस जड असतो. खोलगट जागेत साठतो. त्यांचं डोकं वगैरे दुखतं का?”

दीर गेल्याच आठवड्यात म्हणाला होता, हिचं डोकं हल्ली सारखं उठतं. नाटकं, असं थोरलीने परस्पर ठरवून टाकलं होतं. ती अनवाणीच वळसा घालून धावली.

“खाली उतरू नका, वरूनच हाक मारा!” बाई मागून ओरडली.

थोरलीने दार सताड उघडलं. धाकटी मशीनवर डोकं टेकून बसली होती.

“अगं ए, ऊठ! आहे तशी वर ये!”

चार हाका झाल्या तेव्हा ती भिंतीला धरून चढली. थोरलीने दंड धरून तिला अंगणात बसवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, गॅस, प्लास्टिक, स्वतःची जीभ. “माझंच चुकलं गं.”

धाकटीने खोल श्वास घेत पदराने तोंड पुसलं.

“गॅस होय,” ती म्हणाली. “मला वाटायचं, ताई, तुम्ही बोलत नाही म्हणून दुखतंय.”

थोरलीला एकदम रडू फुटलं. मग धाकटीच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.