फाटका आवाज

बदलापूर गावात जनूच्या लाउडस्पीकरला नाव होतं. हळद असो, साखरपुडा असो, भजन असो, जनूचा आवाज कधी फाटायचा नाही. दोन आळ्या पलीकडे कुणाचा भोंगा खरखरला तरी त्याला घास गोड लागायचा नाही. आणि अशा बापाच्या पोटी वेणू जन्मली, जिला आवाज फाटकाच हवा होता.

वेणू उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कॅसेटच्या दुकानात कामाला होती. तिथे लांब केसवाल्यांच्या इंग्रजी कॅसेटी वाजवता वाजवता तिला हेवी मेटलचं वेड लागलं. शेठच्या ओळखीने जुनी इलेक्ट्रिक गिटार स्वस्तात मिळाली, पण कॅसेटीतला तो जाड, गुरगुरणारा आवाज काही निघेना. आवाज मुद्दाम फाडणारं परदेशी पेडल घ्यायची ऐपत नव्हती. टेपरेकॉर्डरला जोडून पाहिलं, तर बाटलीत माशी अडकल्यासारखी भुणभुण. रेडिओला जोडलं, तर घरातली वीजच गेली.

मग तिची नजर माळ्यावर गेली. तिथे जनूचं वॉल्व्हचं जुनं मशीन धूळ खात पडलं होतं. अॅम्प्लिफायरला मंडपवाले मशीनच म्हणतात. "याला पाचाच्या वर न्यायचं नाय, फाटतंय," असं जनू नेहमी सांगायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

रविवारी दुपारी जनू हेंद्रेपाड्याला मांडव बघायला गेला. तिथे कौसाबाईच्या लेकाची दुसऱ्या दिवशी हळद होती आणि चार महिन्यांनी जनूला हे पहिलं काम मिळालं होतं. इतके दिवस काम का नव्हतं, याचं त्याचं उत्तर ठरलेलं होतं. लोक जळतात. बाप आळीबाहेर पडताच वेणूने मशीन उतरवलं, त्याला गिटार आणि उद्याच्या कामाचाच स्पीकरचा मोठा बॉक्स जोडला आणि आवाजाचं बटण थेट दहावर नेलं.

पहिल्या फटक्याला तिच्या अंगावर काटा आला. हाच तो आवाज. मांडणीवरच्या ताटल्या थरथरल्या, शेजारचं कुत्रं पळून गेलं. दहा मिनिटं ती या जगात नव्हती. मग बॉक्समधून टर्रकन आवाज आला आणि प्रत्येक सुरामागे काहीतरी फडफडू लागलं. तिने जाळी काढून पाहिलं. स्पीकरच्या पडद्याचा कागद बोटभर चिरला होता. तिच्या तोंडचं पाणी पळालं. बापाचं काम बुडणार, नाहीतर भर मांडवात नाव जाणार.

किती बिघडलंय ते पाहायला तिने पुन्हा तार छेडली आणि वर बघते तो दारात जनू.

"थांबलीस का गो? वाजव की," तो म्हणाला.

टोमणाच असणार, असं तिला वाटलं. जनूने चपला काढल्या, मशीनला माईक जोडला आणि नेहमीसारखा बोलला, "हॅलो, हॅलो." पत्र्यावर खडी ओतावी तसा आवाज घरभर खरखरला. जनूने समाधानाने मान हलवली. "बघ कसा साफ बोलतो. उद्या हाच लावू."

वेणू त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पण जनू थट्टा करणाऱ्यातला नव्हता. तीस वर्षं भोंग्याखाली बसलेला माणूस तो. जाड आवाज त्याला ऐकू येत होता, पण वरची खरखर आता त्याच्या कानांपर्यंत पोचतच नव्हती. लोक जळत नव्हते. लोकांना त्याचा फाटका आवाज कधीपासूनच ऐकू येत होता.

गप्प बसावं असं तिला फार वाटलं. पण उद्याचा मांडव डोळ्यांपुढे आला. तिने बापाचा हात धरून त्या कागदावर ठेवला आणि तार छेडली. चिरलेली कड त्याच्या बोटांखाली फडफडली.

जनूने हात झटकन मागे घेतला. मग वाकून चीर पाहिली, तिच्यावरून अंगठा फिरवला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, माझ्याकडून फाटला," ती म्हणाली.

त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. "हे लोकांना कळतं का गो?" त्याने हळूच विचारलं.

वेणूने मान हलवली. कळतं.

जनू बॉक्ससमोर खाली बसला. त्याने दोन्ही तळवे कागदावर टेकवले आणि डोळे मिटले.

"वाजव," तो म्हणाला. "फाटतंय कसं ते तरी मना कळू दे."

वेणूचा हात तारेपर्यंत गेला, पण तिला ती छेडवेना.