पाणपिसूचे ठोके

जीवशास्त्राच्या बाईंनी सिगरेट मधोमध मोडली आणि आतली तंबाखू वाटीतल्या पाण्यात झटकली. पाणी हळूहळू कोऱ्या चहासारखं झालं.

समोर नववीतली भिंगरी मान खाली घालून उभी होती. पळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून हे नाव. पण अक्कल बघा! दोन सिगरेटी कंपासपेटीत दडवल्या, आणि बाईंनी टाचणी मागताच तीच पेटी उघडून पुढे केली. बावीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी असा चोर पाहिला नव्हता.

"ही पाण्यातली पिसू," बाई म्हणाल्या. "हिचे ठोके मोज. मग या पाण्याचा एक थेंब टाक, पुन्हा मोज. निष्कर्ष लिहिलास की विषय संपला. नाहीतर मोठ्या बाईंकडे चल. मग शनिवारच्या शर्यतीतून नाव गेलंच समज."

भिंगरीनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"अय्या!"

तिला काय दिसतंय ते बाईंना पाठ होतं. काचेसारखं आरपार अंग आणि आत धडधडणारं इवलंसं हृदय. प्रत्येक ठोक्याला कागदावर पेन्सिलीचं टिंब द्यायचं, ही बाईंची रीत. भिंगरीचा हात भराभर टिंबं देत होता, मग थांबला. तो नकळत तिच्या स्वतःच्या छातीवर गेला.

"बाई, हिच्या पाठीत गोल गोल काय आहे?"

"अंडी."

भिंगरीनं पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बाईंनी थेंब भरून ड्रॉपर पुढे केला. तिनं तो घेतला आणि टेबलावर ठेवून दिला.

"मी नाही टाकणार."

"शर्यत जाईल."

"जाऊ दे."

"वर्षभर घाम गाळलायस, वेडे."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"हो ना. पण सिगरेट मी ओढली. हिनं काय केलंय?"

आजवर किती पोरं या टेबलापाशी रडली होती, किती जणांनी शपथा घेतल्या होत्या. थेंब मात्र सगळ्यांनी टाकला होता. बाई तिच्याकडे थक्क होऊन बघत राहिल्या.

"चला मोठ्या बाईंकडे," भिंगरीनं दप्तर खांद्याला लावलं, आणि थबकली. "पण आधी हिला पाण्यात सोडा ना. काचेवर सुकेल ती."

बाईंनी काच अलगद बरणीत बुडवली. पिसू कुठे गेली ते दिसेना. तरी दोघी डोक्याला डोकं लावून बरणीत बघत राहिल्या, आणि दाराकडे आधी कुणीच वळलं नाही.