काका आत आहेत

मी एक जुना लाल ठोकळा आहे. हसू नका, मित्रांनो! विमानतळाच्या मनोऱ्यात, विमानांना उतरण्याची परवानगी देणाऱ्या बाईंच्या टेबलावर माझी हयात गेली आहे.

माझे काम एकच. पक्षी हाकलणारे काका जीप घेऊन धावपट्टीवर गेले, की बाई मला माइकपुढे ठेवत. "बाहेर आलो, बाई," असे काका वायरलेसवर सांगेपर्यंत मला हलवायचे नाही, आणि मी तिथे असेपर्यंत विमान उतरवायचे नाही. मधेच पाळी बदलली, तर बाई मला पुढच्या माणसाच्या तळहातावर ठेवत आणि म्हणत, "काका आत आहेत हं." कधी थट्टेने म्हणत, "इथला खरा साहेब हाच!" तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

मग धावपट्टी दाखवणारा स्वयंचलित पडदा टेबलावर आला. जीपमध्ये एक पेटी बसली. जीप हलली की पडद्यावर ठिपका हलायचा. मनोऱ्याच्या साहेबांनी मला खणात भिरकावले. "हे लाकूड कशाला आता? उद्या माणसंही लागणार नाहीत."

एका दुपारी जीप बिघडली. काका दुसरी गाडी घेऊन गेले. तिच्यात पेटी नव्हती. बाईंनी पाळी सोपवताना तोंडी सांगितले, पण तेवढ्यात फोन खणखणला आणि नव्या पाळीच्या भाऊंना ते ऐकूच गेले नाही. पडदा रिकामा! भाऊंनी विमानाला परवानगी दिली. मी खणात नुसता तडफडत होतो.

जिन्याच्या खिडकीतून बाईंना धावपट्टीवर काकांची गाडी आणि खाली येणारे विमान दिसले. त्या धावत वर आल्या. "अहो, विमान वर घ्या! काका आत आहेत!"

विमान काकांच्या डोक्यावरून घोंघावत वर गेले. काका थोडक्यात वाचले.

चौकशीत काय ठरले? चूक माणसांची! पडद्याला कोणी जाब विचारला नाही, मला खणात टाकणाऱ्या साहेबांनाही नाही. बदली झाली ती बाईंची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, मला तळपाय नसले तरी!

जाताना बाईंनी खण उघडला आणि मला भाऊंच्या तळहातावर ठेवले. दुसऱ्या दिवशी मला माइकपुढे पाहून साहेब खेकसले, "हे पुन्हा इथं?"

भाऊंनी मान वर केली नाही. "काका आत आहेत, साहेब."

मित्रांनो, यंत्रे खुशाल आणा. पण एकमेकांना सांभाळणारी माणसे हाकलू नका. आणि मला शोभेच्या कपाटात ठेवाल तर खबरदार! काका आजही धावपट्टीवर जातात.